बारा हजारांत पेटी घ्यायचीय, पण कुठली?

लांजा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या अंगणवाडीत काम करतात, वय ४६. गावातल्या बायकांच्या भजनी मंडळाला पेटीवर (हार्मोनियमवर) साथ करणारे बुवा मुलाकडे मुंबईला कायमचे राहायला गेले, जाताना पेटी घेऊन गेले, ती त्यांचीच होती. तेव्हापासून एकादशीचं भजन नुसत्या टाळ-पखवाजावर चाललंय आणि दुसऱ्या अभंगापर्यंत सगळ्यांचा सूर खाली उतरलेला असतो. म्हणून ताईंनी ठरवलंय की आपणच पेटी शिकायची. भिशीचे १२ हजार बाजूला ठेवलेत. भावाने विरारहून २८ हजारांच्या स्केल चेंजर पेटीचे फोटो पाठवलेत आणि "वरचे पैसे मी घालतो" म्हणालाय, ऑनलाइन साडेसहा हजारांची एक चकचकीत पेटी दिसतेय, चुलत सासऱ्यांची तीस वर्षांची पेटी माळ्यावर पडून आहे ती ते ४ हजारांना द्यायला तयार आहेत, आणि मिस्टरांचं म्हणणं की त्यापेक्षा कीबोर्ड घेऊ, सहावीतला मुलगा गिटार मागतोय तर दोघांचंही भागेल. ताई विचारतात, "मला यातलं काहीच कळत नाही, पैसे पुन्हा जमायचे नाहीत, काय करू?"

ताई, आधी हे सांगतो की तुमचं पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला. वयाची काळजी पत्रात दोनदा लिहिलीत, ती सोडा. भजनाची साथ म्हणजे मैफलीतला सोलो नव्हे. रोज अर्धा तास बसलात तर वर्षभरात चार-पाच अभंगांना नीट साथ कराल, चाली तुमच्या गळ्यात आहेतच, फक्त बोटांत उतरवायच्यात, आणि ज्याला चाल पाठ आहे त्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

आता पेटीचं. दुकानात पाऊल टाकण्याआधी एक गोष्ट करा, तिला एक रुपया लागत नाही. तुमची पट्टी शोधा, म्हणजे तुमचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर आरामात बसतो ते. बाजारात पेटीच्या किमतीत जो एवढा फरक दिसतो त्यातला बराचसा आपल्याला आपली पट्टी माहीत नसल्यामुळे भरावा लागतो, असं माझं इतक्या वर्षांचं मत झालंय. मोबाइलवर तानपुऱ्याचं कुठलंही फुकट ॲप टाका, पांढरी चार, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या पांढऱ्या पट्टीचा सूर, लावा, सा म्हणा, मग हळूहळू खालच्या सप्तकातल्या प पर्यंत (मंद्र पंचम) जा आणि वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत (तार गंधार). खाली आवाज नुसती हवा होत असेल तर पट्टी वर घ्या, वर ओरडावं लागत असेल तर खाली घ्या. बायकांचा आवाज साधारण पांढरी चार ते काळी पाचच्या मध्ये कुठेतरी बसतो, पण हे फक्त एकटीने बघू नका, मंडळातल्या सगळ्या जणींना एकत्र बसवून बघा, कारण साथ त्या सगळ्यांना करायचीय. आठ-दहा जणींना आरामात जमेल अशी एकच पट्टी निघते, बहुतेक वेळा ती सगळ्यात उंच गाणारीला थोडी खाली आणि सगळ्यात खाली गाणारीला थोडी वर अशी असते. ती वहीत लिहून ठेवा.

हे एवढं का सांगतोय तर स्केल चेंजरसाठी. स्केल चेंजर पेटीत बोटांनी दाबायच्या पट्ट्यांचा अख्खा पाट डावी-उजवीकडे सरकतो, म्हणजे तुम्ही बोटं त्याच जागी ठेवायची आणि आवाजाची पट्टी बदलते. ज्याला रोज वेगवेगळ्या गायकांना साथ करायचीय, एक काळी एकला गाणार, दुसरी काळी चारला, त्याच्यासाठी सोयीचीच गोष्ट आहे. पण तुमच्या मंडळाची पट्टी एकच आहे. वर्षातून दोनदा बदलली तरी ती बोटं बदलून वाजवायची असते, आणि खरं शिक्षण तिथेच होतं. स्केल चेंजरवर शिकलेली मुलं मी बघितलीत, साध्या पेटीवर बसवली की काळी चारचा सा धरून सरगम वाजवता येत नाही, कारण सगळं पांढरी एकवरच घोटलेलं असतं. शिवाय सरकणारा पाट आला की जास्तीचे सांधे आले, हवा गळायच्या जागा वाढल्या, वजन वाढलं, आणि बिघडली की दुरुस्त करणारा लांब. भावाचं प्रेम खरं आहे, पण त्याला सांगा की हे १६ हजार आत्ता नको, लागतील तेव्हा मागेन.

कीबोर्डबद्दल मिस्टर म्हणतात त्यात तथ्य नाही असं नाही. कीबोर्ड कधी बेसूर होत नाही, पावसाळ्यात फुगत नाही, रात्री हेडफोन लावून वाजवता येतो, आणि मुलालाही उपयोगी पडेल. पण तुम्हाला देवळात वाजवायचाय. तिथे एकादशीच्या रात्री लाइट गेली तर? सेल संपले तर? आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भाता. पेटीचा आवाज डाव्या हाताने श्वास घेतो. अभंगाच्या पहिल्या ओळीला भाता हळू, गजर आला की भरून, ओळ संपताना हवा थोडी सोडून द्यायची, हे हाताला कळायला महिने लागतात आणि ते कीबोर्डवर येत नाही. स्वस्तातल्या बारक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर तर बोटांची अंतरंही चुकीची बसतात. तुम्हाला पेटी वाजवायचीय तर पेटीच घ्या.

आता ऑनलाइनवाली साडेसहा हजारांची. मी स्वतः पहिली पेटी घेतली ती अशीच दिसण्याला भुलून, एका शहरातल्या दुकानातून, नाव नाही सांगत. गडद पॉलिश, पितळी कडा, पुढे हवा सोडायच्या-अडवायच्या नऊ खुंट्या. घरी आणून महिना झाल्यावर कळलं की नऊपैकी चार खुंट्या ओढल्या काय आणि ढकलल्या काय, काहीच फरक पडत नाही, त्या नुसत्या शोभेला लावलेल्या होत्या. पहिल्याच पावसाळ्यात भात्याच्या घड्या सुटल्या, कारण आत पुठ्ठ्यावर कागद चिकटवलेला. बाबांनी पगारातून वाचवून दिलेले पैसे होते ते. आजही आठवलं की वाईट वाटतं, आणि तुमच्या पत्रातलं "पैसे पुन्हा जमायचे नाहीत" हे वाक्य वाचून तेच आठवलं. म्हणून कळकळीने सांगतो, न ऐकता, न हाताळता पेटी घेऊ नका. फोटोत लाकूड दिसतं, आवाज दिसत नाही. प्रवासात धक्के बसूनही सूर हलतात. अगदीच ऑनलाइन घ्यायची वेळ आली तर विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत एकेक पट्टी वाजवायला सांगा, तो कंटाळा करत असेल तर तिथेच सोडून द्या.

राहिली चुलत सासऱ्यांची जुनी पेटी, आणि माझा कल सरळ तिच्याकडे आहे. पण बघून. "बघून" म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण नात्यातला व्यवहार आहे, नंतर बोलता येत नाही.

पेटीच्या पोटात काय असतं ते एकदा समजून घ्या म्हणजे भीती जाईल. मागचा भाता आपण हाताने मारतो, ती हवा आतल्या दुसऱ्या भात्यात साठते, त्याला स्प्रिंगांचा दाब असतो म्हणून हवा एकसारखी मिळते. वर एक फळी असते, तिच्यावर ओळीने पितळेचे सूर बसवलेले असतात, प्रत्येक सुराच्या चौकटीत पितळेचीच एक पातळ पाती, एका टोकाला रिपीट (रिव्हेट) मारून घट्ट बसवलेली आणि दुसरं टोक मोकळं. पट्टी दाबली की तिच्याखालची झडप उघडते, हवा त्या पातीवरून जाते, पाती थरथरते आणि सूर निघतो. एवढंच आहे. सिंगल लाइन पेटीत प्रत्येक पट्टीला एक सूर, डबल लाइनमध्ये दोन, बहुतेक करून एक खर्जाचा (खालच्या सप्तकातला) आणि एक नर (मधल्या सप्तकातला). भजनाला डबल लाइन हवी, सिंगलचा आवाज दहा बायकांच्या टाळांत बुडतो.

आता माळ्यावरून उतरवलेली पेटी समोर ठेवलीय असं धरा. लगेच वाजवू नका, आधी वरचं झाकण काढून टॉर्चने आत बघा. उंदराने भाता कुरतडलाय का, झुरळांची घाण आहे का, प्लायवूड असेल तर पदर सुटलेत का (सागवान असेल तर पेटी उचलतानाच हाताला कळेल, ती जड आणि भरीव लागते). झडपांखाली चामड्याची पट्टी चिकटवलेली असते, हात पोचेल तिथे ती बोटाने चाचपून बघा, मऊ असेल तर छान, वाळून कडक झाली असेल तर हवा गळणार, ते बदलावं लागेल.

मग भाता. भात्याची खिट्टी काढा, हवेच्या मोठ्या खुंट्या ओढा, पण ज्या बारीक खुंट्या ओढल्या की एकच सूर सतत वाजत राहतो त्या बंद ठेवा. कुठलीही पट्टी दाबू नका आणि पाच-सहा वेळा भाता मारा. आतला भाता भरला की बाहेरचा हाताला जड लागायला हवा. तो कितीही मारला तरी हलकाच राहतो, किंवा आतून सी-सी असा आवाज येतोय, तर कुठेतरी गळती आहे. आता भाता पूर्ण भरून हात काढून घ्या आणि मधल्या सप्तकातला एकच सूर दाबून मनात आकडे मोजा. मी असं धरतो की वीसपर्यंत सूर टिकला तर भाता उत्तम, बारा-पंधरापर्यंत चालेल, आणि पाच-सहातच जीव गेला तर भाता नवा बसवावा लागणार, त्याचे पैसे ४ हजारांतून वजा करून मागायचे. नात्यात असलात तरी मागा, प्रेमाने मागा.

त्यानंतर एकेक पट्टी. घाई करू नका, एका पट्टीला पाच सेकंद द्या. एखादा सूर वाजतच नसेल तर घाबरू नका, बऱ्याचदा पातीत केस नाहीतर धुळीचा कण अडकलेला असतो, दोन मिनिटांचं काम आहे. सूर घरघरत असेल तर पाती चौकटीला घासतेय, तेही सरळ करता येतं. पट्टी दाबल्यावर वर येत नसेल तर ओलीने फुगलीय. हे सगळे किरकोळ आजार. खरी काळजी कशाची करायची तर पातीच्या झिजेची. पेटी लावताना, म्हणजे सुरात आणताना, कारीगर पाती खरवडतात, टोकाकडे खरवडली की सूर चढतो, रिपिटाकडे खरवडली की उतरतो, म्हणजे प्रत्येक वेळी लावताना थोडं पितळ कायमचं जातं. सारखी सारखी लावलेली पेटी असेल तर पात्यांवर आडव्या ओरखड्यांची जाळी दिसते आणि आवाज पातळ, चिरका येतो. पण तीस वर्षांपैकी बरीच वर्षं माळ्यावर गेली असतील तर पाती शाबूत असण्याची शक्यताच जास्त. भावनगरजवळच्या पालिताण्यात बनलेले सूर पेटीवाले फार मानतात, आत तसे सूर निघाले तर दुसरा विचारच करू नका. जुने चांगले सूर आताच्या साडेसहा हजारांच्या पेटीत मिळायचे नाहीत.

पट्ट्या मोजायलाही विसरू नका, हे कुणी सांगत नाही. पेट्या साधारण ३७, ३९ नाहीतर ४२ पट्ट्यांच्या येतात. तुमच्या मंडळाची पट्टी समजा काळी चार निघाली आणि पेटी पांढरी एकपासून सुरू होणारी असली, तर मधला सा धरून ३७ पट्ट्यांच्या पेटीत तुम्हाला वर तार गंधारापर्यंतच मिळतं, ३९ मध्ये मध्यमापर्यंत, आणि ४२ मध्ये पार तार धैवतापर्यंत. अभंगाचा अंतरा तार गंधाराच्या वर गेला की ३७ वाली पेटी संपते. तेवढ्यासाठी चांगली पेटी सोडू नका, वरची जागा खालच्या सप्तकात घेऊन निभावता येते, पण दोन सारख्या पेट्यांमधून निवडायचं असेल तर ४२ वाली घ्या.

हे सगळं बघून पेटी ठीक वाटली तर ४ हजारांत घ्या आणि लगेच चांगल्या कारीगराकडे द्या, रत्नागिरीला नाहीतर कोल्हापूरला, तुमच्या बुवांना फोन करून विचारा ते कुणाकडून लावून घ्यायचे, पेटीवाल्याला पेटीवालाच बरोबर पत्ता देतो. साफसफाई, चामडं, ट्यूनिंग धरून दोन-अडीच हजार, भाता बदलायचा झाला तर आणखी दीड-दोन हजार, असा माझा अंदाज आहे, कारीगराप्रमाणे कमी-जास्त होईल. म्हणजे सगळं मिळून सहा ते साडेआठ हजार. ऑनलाइनवाली जेवढ्याची आहे साधारण त्याच पैशात तुम्हाला डबल लाइन, मुरलेल्या सुरांची पेटी मिळेल. कारीगराला द्यायच्या आधी मात्र ती डबल लाइनच आहे ना ते बघा. खर्जाची खुंटी बंद करून एक सूर आणि उघडून एक सूर वाजवला की खालचा आवाज मिसळलेला सरळ कळतो.

कारीगर विचारेल, कशी लावू? त्याला सांगा, सगळ्या पट्ट्या सारख्या अंतराने लावा, आणि काळी-पांढरी आत्ताच्या प्रमाण सुरावर आणा. दुसरी गोष्ट महत्त्वाची, कारण जुन्या पेट्या कधीकधी प्रमाणापेक्षा चढ्या नाहीतर उतऱ्या असतात, मग मोबाइलच्या तानपुऱ्याशी जुळत नाहीत आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय. पहिली गोष्ट थोडी वादाची आहे. सारख्या अंतराने लावलेल्या पेटीतला शुद्ध गंधार हा तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो, एका स्वरापासून शेजारच्या काळी-पांढरीपर्यंतचं अंतर १०० भाग धरलं तर साधारण १४ भाग. कानाला सवय झाली की तो टोचतो. पेटीत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही आणि सूर असे बांधलेले, या कारणांनी ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, ती थेट १९७१ मध्ये सैल झाली. आणि तरीही याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी आणि आपल्या गोव्याच्या बोरीच्या तुळशीदास बोरकरांनी लोकांना वेड लावलं, बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. एका पट्टीला धरून गंधार उतरवून लावून घेता येतो, पण मग दुसऱ्या पट्टीला ती पेटी विचित्र वाजते. तुमच्याकडे कधी पाहुणे बुवा येणार, कधी किशोरवयीन गाणाऱ्या पोरी, म्हणून सारखीच लावा. फक्त गाताना गंधारावर पेटीला चिकटून राहू नका, सा आणि पंचम पेटीचा घ्या, बाकी गळ्याला माहीत असतं.

जुनी पेटी तपासणीत नापास झाली तर? मग १२ हजारांत नवी, साधी, डबल लाइन, कपलर नसलेली, स्केल चेंजर नसलेली पेटी बघा. कपलर म्हणजे एक पट्टी दाबली की शेजारच्या सप्तकातली तीच पट्टीही दाबली जाते, आवाज भरतो खरा, पण शिकणाऱ्याच्या बोटांना पट्ट्या जड होतात. खुंट्या किती आहेत ते मोजू नका, ओढून काय होतं ते ऐका. आपल्याकडे कोकणात दुकानदार "डबलबारीला चालेल असा आवाज आहे बघा" म्हणून खूप चढ्या, टोकदार आवाजाच्या पेट्या दाखवतात. डबलबारीत समोर दुसरे बुवा असतात, माइक असतो, हजारभर माणूस असतं, तिथे तो आवाज लागतो. तुम्ही देवळाच्या गाभाऱ्यासमोर दहा जणी बसणार, तुम्हाला गोल आवाज हवा, ज्यात तुमचे शब्द ऐकू येतील. दुकानात जाताना मंडळातली सगळ्यात सुरेल गाणारी जी कुणी असेल तिला बरोबर न्या, तुम्ही वाजवायला बसा आणि तिला चार हात लांब उभी करून अभंगाची एक ओळ म्हणायला सांगा. तिला गाताना बरं वाटलं तर पेटी चांगली. (तंबोरा घ्यावा का असंही तुम्ही खाली एका ओळीत विचारलंय. मिरजेचा तंबोरा ही फार देखणी गोष्ट आहे, मंगळवेढ्याच्या भोपळ्यापासून बनणारा, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. पण तो जुळवायलाच वेगळं शिकावं लागतं, आत्ता ॲप पुरे.)

मुलाच्या गिटारचं थोडक्यात सांगतो. जुन्या पेटीचं जमलं तर तुमच्याकडे साडेतीन ते सहा हजार उरतात, त्यात त्याचंही होईल. अकरा वर्षांच्या हाताला पूर्ण मापाची, लोखंडी तारांची स्वस्त गिटार देऊ नका. स्वस्त गिटारमध्ये तारा लाकडापासून फार उंच असतात, दाबून दाबून बोटं सोलवटतात आणि पोरगं पंधरा दिवसांत म्हणतं मला नाही जमत. युकुलेली घ्या, २३ इंची, चार नायलॉनच्या तारा, दोन-तीन हजारांत बरी मिळते, दोन-चार दिवसांत पहिलं गाणं वाजतं. वर्षभर टिकला तर मग गिटार, तेव्हा त्याचा हातही वाढलेला असेल. त्याला गिटारच हवी असं हटून बसला तर तीन-चतुर्थांश मापाची, नायलॉन तारांची जुनी गिटार शोधा, कुणाच्या तरी घरी भिंतीला टांगलेली नक्की असते. घेताना मान सरळ आहे का ते एका डोळ्याने टोकाकडून बघा, बंदुकीचा नेम धरतात तसं.

तुमच्याकडचा पाऊस लक्षात घेऊन एक-दोन गोष्टी. जून ते सप्टेंबर पेटी जमिनीवर ठेवू नका, भिंतीला टेकवूनही नको, पाटावर नाहीतर स्टुलावर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीत तर आतली ओल आतच राहते आणि पितळेवर हिरवा गंज चढतो, चामड्याला बुरशी येते, त्यापेक्षा जुन्या सुती साडीचं कव्हर शिवा. आणि रोज वाजवा. वाजती पेटी ओलीने कमी बिघडते, कारण हवा आत-बाहेर होत राहते. एसटीने न्यायची झाली तर खुंट्या सगळ्या आत ढकलून, भाता मिटवून खिट्टी लावून, मांडीवर नाहीतर शेजारच्या सीटवर, डिकीत अजिबात नको.

शिकायला कुणी जवळ आहे का ते पत्रात लिहिलं नाहीत. लांज्यात नसेल तर आठवड्यातून एकदा रत्नागिरीला जाणं जमतंय का बघा, किंवा त्या बुवांनाच व्हिडिओ कॉलवर पंधरा दिवसांतून एकदा शिकवाल का म्हणून विचारा, मला वाटतं ते नाही म्हणणार नाहीत, मंडळ सोडून गेल्याचं त्यांनाही लागलं असेल. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा द्यायचा विचार पुढे मनात आला तर फॉर्मवर "पेटी" शोधत बसू नका, पेटीला "संवादिनी" नाहीतर "हार्मोनियम" असंही म्हणतात हे लक्षात ठेवा. पण पहिले तीन महिने परीक्षा नको, अलंकार नकोत, फक्त तुमच्या पट्टीचा सा धरून भाता एकसारखा मारायचा आणि सा-रे-ग-म-प खाली-वर. चौथ्या महिन्यात हरिपाठाची चाल घ्या, ती थोड्याच सुरांत फिरते आणि तुमच्या मंडळाला रोज लागते.

आता या रविवारी चुलत सासऱ्यांकडे जा. टॉर्च, जुना मऊ ब्रश आणि मोबाइल बरोबर ठेवा. पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत एकेक सूर पाच सेकंद वाजवून रेकॉर्ड करा, मध्ये बोलू नका, शेवटी भाता भरून एक सूर संपेपर्यंत सोडा, आणि ते रेकॉर्डिंग मला पाठवा, मंडळाची पट्टी काय निघाली तेही लिहा. मी ऐकून सांगतो ४ हजार द्यायचे की नाही.